ग्रेगरी साहेबाची गुजरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी धकाते सरांवर दोन चांगले शब्द लिहून द्या, असा मला निरोप आला. मी म्हटलं, देते की. त्यांचं अक्षर वळणदार होतं, आणि त्यांनी आयुष्यात कधी कोणाचा चहा फुकट प्यायला नाही. झाले दोन. यापुढचं जे आहे ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

सर वारलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा म्हणेल, मेलेल्या माणसाबद्दल ही बाई असं लिहिते. सर ठणठणीत आहेत. मुलाकडे इंग्लंडला कायमचे राहायला गेले आहेत. जिथे जन्मायला हवं होतं तिथे ते जरा उशिरा पोचले, एवढंच.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं, आंधळगावच्या पुढचं, बाजाराचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर कोणीतरी त्याचीही पाटी लावेल. गावच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. अर्धी नोकरी मी त्या माणसासमोर बसून डबा खाल्ला आहे, तेव्हा मी त्यांना ओळखत नाही असं कोणी म्हणू नये.

सरांची पहिली ओळख म्हणजे त्यांचं मराठी. आमच्याकडे लहानथोर सगळे 'मले', 'तुले' बोलतात, 'काहून' विचारतात. सरांना 'मले' ऐकूच यायचं नाही. पोरगं वर्गात उभं राहून म्हणायचं, "सर, मले समजलं नाही," आणि सर खिडकीबाहेर बघत राहायचे. पोरगं 'मला' म्हणेपर्यंत त्यांच्या कानाचं दार बंद. कितीतरी पोरं न समजताच खाली बसली आणि तशीच पुढच्या वर्गात गेली.

एकदा आठवीत एक पोरगा उठून म्हणाला, "सर, तुमच्या खुर्चीखाली साप निंगला."

सर फळ्यावर लिहीत होते. वळलेसुद्धा नाहीत. "निंगला नव्हे. निघाला."

"सर, निघाला."

"पूर्ण वाक्य."

"सर, तुमच्या खुर्चीखाली साप निघाला."

वाक्य पूर्ण झालं तोवर साप खरोखरच निघून माझ्या वर्गात आला होता. धामण होती म्हणून बरं. माझी पोरं बाकांवर चढली आणि मी टेबलावर. मी मराठीची शिक्षिका, पण शिपायाला हाक मारताना माझ्या तोंडून 'निंगला'च निंगलं. सर दारात येऊन माझ्याकडे असे बघत होते की साप परवडला.

आता कोणाला वाटेल, सर पुण्याकडून बदली होऊन आले असतील. छे. ते याच गावचे, कोष्टीपुऱ्यात जन्मलेले. त्यांचे वडील महागू कोष्टी लुगडी विणायचे, आणि त्यांच्या हातचं लुगडं आमच्या अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायांनी नेसलं आहे. हातमागावर बसायला घरात जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. सरांना नोकरी लागली, वडील वारले, आणि सरांनी तो खड्डा मुरूम टाकून बुजवला. वर फरशी घातली आणि फरशीवर सोफा ठेवला. त्या सोफ्यावर बसलं की मला आपण कुणाच्या तरी पोटावर बसलोय असं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर सर मुलाकडे काही महिने राहून आले. मुलगा तिकडे कॉम्प्युटरचं काम करतो. लंडनमध्ये नाही, एका लहानशा बाजाराच्या गावात. त्या गावाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. सरांनी ते मला इतक्यांदा म्हणून दाखवलं की मी मुद्दाम विसरले.

परत आल्यावर सर रोज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये यायचे. निवृत्त माणसाला हाकलता येत नाही. मग आम्ही पोळीभाजी खायची आणि त्यांनी इंग्लंड वाढायचं. शेकडो वर्षांपूर्वी कुण्या राजाने त्या गावाला बाजार भरवायची सनद दिली म्हणे. चौकात दगडी क्रॉस, त्याच्याभोवती पायऱ्या. धान्याचे सौदे व्हायचे तो कॉर्न हॉल, त्याच्या कपाळावर घड्याळ. घोडागाड्या थांबायच्या ती वाकड्या छपराची सराई. चर्चच्या आवारात आडव्या पडलेल्या कबरी. आणि घराघरावर निळ्या गोल पाट्या, इथे अमका राहत होता, इथे तमका जन्मला.

"याला म्हणतात लँडमार्क," सर म्हणायचे. "आणि बाई, तिथे एक वीव्हर्स लेन आहे. विणकरांची गल्ली. माडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्या. का, तर मागावर उजेड पडावा. त्यांनी एकेक खिडकी जपून ठेवली आहे हो."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरोखर यायचं, मी पाहिलं आहे.

मी विचारलं, "आणि सर, तुमच्या घरचा माग?"

"तो? तो केव्हाच विकला. जळाऊ लाकूडच होतं."

तिकडून त्यांनी एक चित्र आणलं होतं. कापडावर छापलेलं. त्यात त्या गावाचा क्रॉस, कॉर्न हॉल, सराई, चर्च, सगळं. काचेची चौकट करून ते त्यांनी सोफ्याच्या वर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला छत्रीच्या टोकाने एकेक जागा दाखवायचे. पुढे सून तिकडून सुट्टीवर आली. मुंबईकडची, स्वच्छ मनाची पोर. भिंतीकडे पाहून म्हणाली, "बाबा, हे फडकं फ्रेम का केलंय? हे भांडी पुसायचं आहे. माझ्या ओट्यावर असली चार आहेत."

मी तिथेच होते. देवाने मला एवढं एक सुख दिलं. कोष्ट्याच्या पोराने बापाचा माग जळणाच्या भावात विकला आणि साहेबाचं भांडी पुसायचं फडकं भिंतीवर टांगलं. सर म्हणाले, "तिथे भांडीसुद्धा इतिहासाने पुसतात." उत्तर द्यायला ते कधी चुकले नाहीत, हेही खरं.

मग त्यांना निळ्या पाटीचं वेड लागलं. सुरुवात स्वतःच्या घरापासून. गावातल्या पेंटरला बोलावलं, गोल पत्रा कापून घेतला, निळा रंग दिला आणि तिकडच्या पाटीचा फोटो पुढे धरून म्हणाले, हुबेहूब अशीच. पेंटरने हुबेहूब केली. 'येथे प्र. म. धकाते, शिक्षक व इतिहास-संशोधक, राहत होते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी करडी गावचा एक जुना विद्यार्थी हार घेऊन दारात उभा. त्याला कोणीतरी फोनवर पाटी वाचून दाखवली होती. सरांनीच दार उघडलं. तो बिचारा हार घेऊन मागे सरकला. दुपारी तलाठी कार्यालयातला एक नवा माणूस आला, "घर खाली आहे का जी? किती भाडं घेता?" संध्याकाळपर्यंत काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, विळीवरून उठून पाटी उपटली आणि न्हाणीच्या दाराला टेकवून ठेवली. त्या फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "जिता मानूस 'होते' कायले लिवते? मले रांडकी करून राहिले का?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. असा एकेक नमुना प्रत्येक गावात असतोच. सर गल्लीतून छत्री टेकत फिरायचे आणि बंद पडलेल्या राइसमिलला कॉर्न हॉल म्हणायचे, तळ्याला लेक म्हणायचे. पानठेलेवाला मुद्दाम विचारायचा, "सर, माहा ठेला लँडमार्क आहे का जी?"

"नाही."

"काहून? साऱ्या बसा तं इथंच थांबतेत."

सर पुढे निघून जायचे.

पण गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून आमच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना एक घोर लागलेला होता, आपल्याकडे आता दाखवायला काय उरलं. सरांनी तो घोर बरोबर हेरला. त्यांनी ठरवलं, आपल्या गावाला इतिहास द्यायचा. असलेला नाही, नवा.

आमच्याकडे रोज संध्याकाळी भाजीचा बाजार भरतो, त्याला गुजरी म्हणतात. आठवड्याचा तो बाजार, रोजची ती गुजरी. सगळ्या विदर्भात म्हणतात. सरांनी शोध लावला की हा शब्द मुळात 'ग्रेगरी' आहे. कोणी ग्रेगरी नावाचा इंग्रज साहेब इथे दौऱ्यावर आला, त्याने बाजार वसवला, म्हणून ग्रेगरी मार्केट. ग्रेगरीची झाली गिरगरी, गिरगरीची गुजरी. लोकांच्या अशुद्ध उच्चारांमुळे साहेब पुसला गेला.

मी म्हटलं, "सर, गुजरी नागपुरातही आहे, कोल्हापुरातही आहे. साहेबाला जेवायला तरी फुरसत मिळाली असेल का?"

"बाई, भाषाशास्त्र हा तुमचा विषय नाही."

"आणि हा ग्रेगरी तुम्हाला सापडला कुठे?"

सापडला होता तिकडच्या कॉर्न हॉलच्या पाटीवर. तो बांधणाऱ्याचं नाव ग्रेगरी. सरांनी ते इकडे आणून आमच्या वांग्या-सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, मध्ये बसवलं. शेंडा ना बुडखा. पण इंग्रजीच्या मास्तराने सांगितलं म्हटल्यावर सरपंचाने मान डोलावली, पंचायत समितीच्या सभापतींनी तर त्याहून जोरात.

आता क्रॉस पाहिजे होता. तोही सापडला. गुजरीच्या मधोमध, चिंचेखाली, कमरेएवढा एक दगड उभा होता. वरून गोल, मधे खाच पडलेली. सरांनी जाहीर केलं की हा ग्रेगरी साहेबाने रोवलेला बाजाराचा स्तंभ.

त्या दगडाबद्दल मला सांगू द्या, कारण सगळं इथेच अडलं आहे.

तो पाजणीचा खुंट. लुगड्याचं सूत मागावर चढवायच्या आधी कोष्टी ते गल्लीत लांबच लांब ताणतात, दोन्ही टोकं खुंटांना बांधतात, आणि भाताची पेज लावून कुंच्याने सारखं करतात. त्याला पाजणी म्हणतात. कोष्टीपुऱ्याच्या गल्लीचं एक टोक गुजरीत निघतं. तिथला खुंट महागू कोष्ट्याचा होता. दोरी घासून घासून त्याला ती खाच पडली होती. सकाळी पाजणी व्हायची, दुपारी सूत उचललं जायचं, आणि संध्याकाळी तिथेच गुजरी भरायची. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हे ठाऊक होतं. कोष्टीपुऱ्याला तर होतंच.

आणि आमच्या घरालाही ठाऊक होतं. छप्पनला आमची वस्ती बौद्ध झाली. त्यानंतर माझी आजी एका संध्याकाळी लाखोरीच्या भाजीची टोपली घेऊन सरळ त्या खुंटापाशी जाऊन बसली. तोवर आमच्या बायांनी गुजरीच्या बाहेर, नाल्याच्या कडेला बसायचं अशी रीत होती. चार लोक ओरडले. तिला उठव म्हणून ते महागू कोष्ट्याकडे गेले, कारण खुंट त्याचा. तो सूत गुंडाळत होता. म्हणाला, "मले अडचन नाही." बस, एवढंच. त्याने तिला बसवलं नाही आणि उठवलंही नाही. बसली ती आपल्या हिमतीवर. पण खुंटवाल्याची अडचण नाही म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं बंद झाली. आजीनंतर त्या जागी माझी सुगंधा आत्या बसली. तिला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. ती जागा हाच तिचा संसार. पाठ खुंटाला, डोक्यावर चिंच, पुढे टोपली. सारं गाव तिथे येऊन तिच्याशी बोलून जायचं. ती माझ्या घरी राहायची, पण माझ्या घरात ती फक्त झोपायची असं म्हटलं तरी चालेल.

सरांच्या योजनेत चौक मोकळा करायचा होता. स्तंभाभोवती लोखंडी कठडा, खाली रंगीत फरशी, दर्शनी भागात पाटी. चिंच तोडायची, कारण तिच्यामुळे फोटोत स्तंभ दिसत नाही. आणि बायांची सोय बसस्टँडमागे, नाल्याच्या कडेला.

नाल्याच्या कडेला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे वाचलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी सरांच्या घरी गेले. सोफ्यावर बसले. काकूंनी चहा आणला. मी म्हटलं, "सर, तो महागूबाबांचा खुंट आहे. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आता इथे कोणी नाही. बोला."

मला वाटलं होतं, भाषाशास्त्र काढतील. नाही काढलं. कप खाली ठेवून म्हणाले, "माहीत आहे. लहानपणी मीच दोरी बांधायचो."

"मग?"

"मग काय बाई? गल्लीतली नाली काढली तेव्हा दुसऱ्या टोकाचे खुंट जेसीबीने उचलून फेकले. कोणी 'अरे' तरी म्हणालं? तुम्ही म्हणालात? कोष्ट्याच्या खुंटाला कोण कठडा बांधतो? महागूच्या नावावर एक वीट तरी मंजूर होईल? ग्रेगरी म्हटलं, तर सभापती स्वतः येऊन फोटो काढून गेले."

तो खोटं बोलत नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर तो माणूस खरं बोलत होता, आणि ते त्याच्या खोट्याहून किळसवाणं होतं.

"म्हणजे दगड राखायला बाप विकला," मी म्हटलं.

"दगड तर राहील."

"आणि माझी आत्या?"

"त्यांची सोय केली आहे. शेडसुद्धा येणार आहे. दुसऱ्या टप्प्यात."

मी त्यांच्यापुढे भांडले नाही. आत्यासाठी मी हात जोडले, हे सांगायला मला लाज नाही. म्हटलं, "तुमचा ग्रेगरी तुम्हाला लखलाभ. पाटी लावा, पुतळा लावा, आमचं काही म्हणणं नाही. ग्रामसभेत फक्त एवढं म्हणा, की बायांना उठवू नका. बाजाराचा स्तंभ आहे, तर भोवती बाजार असू द्या. तुमच्या शब्दाला मान आहे."

सरांनी भिंतीवरच्या त्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघतो." मला पोचवायला दारापर्यंत आले. आणि मी मूर्ख, घरी येऊन आत्याला म्हटलं की होईल काहीतरी.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. सुशोभीकरणाचा विषय निघाला. सरांनी ग्रेगरी साहेब सांगितला, सनद सांगितली, तिकडचा चौक सांगितला. मी वाट बघत होते. शेवटी ते म्हणाले, "मोकळेपणा हाच चौकाचा मान असतो," आणि खाली बसले.

तेव्हा आत्या उठली. कधी सभेत बोललेली बाई नाही. पदर खोचून म्हणाली, "मले भासन येत नाही. मी सरलेच विचारतो. सर, तुमचा बाप या दगडाले सूत बांधे का नाही? माही माय इथं येऊन बसली तवा थो म्हनला का नाही, मले अडचन नाही म्हनून? एवढंच सांगा. तुमी नाही म्हना, मी आत्ताच्या आत्ता टोपली उचलतो."

कोष्टीपुऱ्यातली माणसं मान खाली घालून बसली होती. सरांच्या भाऊबंदांपैकीही कोणी वर पाहिलं नाही. निधी येतोय म्हटल्यावर माणसाला जमीन फार बघावीशी वाटते.

सर उठले. चष्मा सारखा केला. शुद्ध, स्वच्छ, एकेक अक्षर तोलून बोलले. "सुगंधाबाईंचा काहीतरी गैरसमज होत आहे. माझ्या वडिलांचा या स्तंभाशी काहीही संबंध नव्हता. वयोमानाने स्मृतीत अशी सरमिसळ होते."

सरपंच म्हणाला, "पुढचा विषय घ्या."

आत्याने खोचलेला पदर सोडला. मग मला म्हणाली, "चाल वो. बापाले जो नाही म्हनते, त्याले मी काय विचारू." वाटेत ती एकदाही रडली नाही. मी रडले, रागाने.

चिंच तोडली. कठडा बसला, त्याला कुलूप लागलं. लाल-पिवळी फरशी घातली. पाटीवर ग्रेगरी साहेबाचं नाव सरांच्या वळणदार अक्षरांवरून पेंटरने रंगवलं. उद्घाटनाला पेढे वाटले. मी घेतला नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी दोन घेतले.

बाया नाल्यापाशी गेल्या. तिथे सावली नाही, पावसाळ्यात पाय रुततात, आणि बसमधून उतरलेला माणूस मागे वळून तिथवर जात नाही. तो ठेल्यावर पान खातो आणि घरी जातो. काही बायांनी मोहाडीचा बाजार धरला. आत्या थोडे दिवस गेली. भाजी कोमेजलेली परत आणायची आणि मुकाट्याने आमच्या ओट्यावर ठेवायची. मग एक दिवस म्हणाली, "माही माय जिथून उठून आली, तिथं मी जाऊन नाही बसत." टोपली तिने माळ्यावर टाकली. तेव्हापासून ती दारात बसून असते. मी शाळेतून आले की ती मला विचारते, गुजरीत कोण कोण दिसलं. आधी मी नावं सांगायची. आता विषय बदलते.

शेडचं म्हणाल, तर दुसरा टप्पा अजून यायचा आहे.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते इंग्लंडला जायच्या आठवड्यात. घर विकायला काढलं होतं. शाळा सुटल्यावर मी स्कूटीने चौकातून येत होते. संध्याकाळची, म्हणजे ऐन गुजरीची वेळ. त्या फरशीवर माणूस नव्हतं. एक कुत्रं पसरलेलं होतं आणि कठड्याच्या आत, स्तंभाला पाठ लावून, सर बसले होते. कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच असायची. ऊन सरळ तोंडावर येत होतं.

तेवढ्यात एक बाई आली. हातात रिकामी थैली, लेकीच्या घरी पाहुणी आलेली असावी. बऱ्याच वर्षांनी गावात आलेली दिसत होती. ती कठड्यापाशी थांबली आणि म्हणाली, "बाबाजी, गुजरी इथंच भरे ना जी?"

सर उठले. धोतर झटकलं, छत्री हातात घेतली, चेहऱ्यावर तरतरी आली. "बरोबर. हीच ती. मूळ नाव ग्रेगरी मार्केट. ग्रेगरी नावाचे एक इंग्रज अधिकारी..." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. साहेब, सनद, स्तंभ, उच्चार कसा बिघडला ते. बाईने मोठ्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं सारं उभ्याने ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही. त्यांचं संपल्यावर तिने त्या रंगीत फरशीवरून एकदा नजर फिरवली.

"हौ जी," ती म्हणाली. "पन बाया कुठी हायेत?"

सर म्हणाले, "त्यांची सोय..." आणि थांबले. हात थोडा उचलला होता, तो तसाच राहिला. त्यांनी फरशीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. आमच्या गावाचा इतिहास ज्याला पाठ होता, त्याला गुजरी कुठे भरते एवढं सांगता आलं नाही.

मीच स्कूटी थांबवून म्हटलं, "बसस्टँडच्या मागं, बाई. नाल्यापाशी बसतेत. उरल्या तेवढ्या."

ती गेली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला असं पिंजऱ्यात एकटं उभं पाहून कोणालाही कीव आली असती. मला आली नाही. माझी आत्या घरी दारात बसून होती, आणि मला तिच्याकडे जायचं होतं.